कार्बोरेटर की इंजेक्शन? कोकणात जुनी पेट्रोल गाडी घेण्याआधी

कैरी सुपारीएवढी झाली की मला फोन यायला लागतात. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला कोणी, यंदापासून बाग स्वतः बघणारा कोणी, होम-स्टे काढलेलं एखादं जोडपं. सगळ्यांना हवी असते एक जुनी, स्वस्त, छोटी गाडी. तिच्यात पेट्या टाकता आल्या पाहिजेत, खताच्या गोणी टाकता आल्या पाहिजेत आणि बागेतल्या चढावर ती रडता कामा नये. आणि सगळे एकाच जागी अडतात. एक विकणारा म्हणतो, "कार्बोरेटरवाली आहे, काही बिघडतच नाही." दुसरा म्हणतो, "एमपीएफआय आहे, हातच लावावा लागत नाही." कार्बोरेटर आणि इंजेक्शन या इंजिनाला पेट्रोल पाजायच्या दोन पद्धती, आणि एमपीएफआय हा इंजेक्शनचाच प्रकार. दोघेही गाडी विकायलाच बसलेत, हे विसरू नका.

मी कुडाळ-मालवण पट्ट्यात राहतो. आजवर कार्बोरेटरची एक जिप्सी, कार्बोरेटरचीच एक ओम्नी आणि आता इंजेक्शनची जिप्सी वापरतोय. मी मेस्त्री नाही. पण मेस्त्रीच्या गॅरेजात स्टुलावर बसून चहा पिण्यात माझे पुष्कळ तास गेले आहेत, त्या भांडवलावर हे लिहितोय.

डिझेल आधी बाजूला काढू

"बोलेरो पिकअपला कार्बोरेटर असतो का?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. नसतो. बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्या भावंडांची इंजिनं डिझेलची. डिझेलला कार्बोरेटर नसतोच. तिथे जुना यांत्रिक पंप की नवं कॉमन रेल नावाचं डिझेल इंजेक्शन, असा वेगळाच वाद आहे. आपण बोलतोय ते पेट्रोलच्या गाड्यांबद्दल. आपल्याकडे त्या मोजक्याच: पाठीमागच्या सीट काढून माल टाकायला मोकळी केलेली जिप्सी, आणि ओम्नी, विशेषतः तिची कार्गो, म्हणजे मालवाहू आवृत्ती.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या जुन्या पिकअपचे व्हिडिओ बघून लोक गोंधळतात, म्हणून तेही सांगतो. तिकडे हे वळण ऐंशीच्या दशकातच आलं. फोर्डने एफ-१५० मध्ये १९८५ पासून इंजेक्शन द्यायला सुरुवात केली, शेवरलेच्या पिकअपमध्ये ते १९८७ ला आलं. टोयोटाचं २२आर नावाचं २.४ लिटरचं इंजिन तर दोन्ही अवतारांत मिळायचं, २२आर कार्बोरेटरवर आणि २२आरई इंजेक्शनवर. आपल्याकडे मात्र गाड्यांत कार्बोरेटर पार २००० सालाच्या आसपासपर्यंत टिकला. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओतलं तत्त्व घ्या, सन नका घेऊ.

दोघांत फरक काय

शहाळ्यात नळी घालून तुम्ही पाणी ओढता, तो कार्बोरेटर. मोहरावर पॉवर पंपाने फवारणी करता, ते इंजेक्शन. एकात इंजिन स्वतः पेट्रोल ओढून घेतं, दुसऱ्यात पंप ते दाबाने मारतो.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. हे प्रमाण सांभाळणं एवढंच दोघांचं काम. कार्बोरेटरमध्ये हवा एका अरुंद गळ्यातून जाते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब पडतो आणि बारीक भोकाच्या जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. खाली छोट्या वाटीत पेट्रोल साठलेलं असतं आणि त्याची पातळी एक तरंगता फ्लोट राखतो, फ्लशच्या टाकीत असतो तसला. बस्स. वीज नाही, अक्कल नाही. हवा गरम आहे की थंड, पेट्रोल कसलं आहे, याचा त्याला पत्ता नसतो. मेस्त्रीने स्क्रू जिथे ठेवला तिथे तो.

इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दोन-तीन बारच्या दाबाने पुढे ढकलतो आणि ते फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीएम नावाचा डबा ठरवतो. हवेचा दाब, कूलंटचं तापमान, थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, किती उघडलाय, सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं सेन्सर त्याला सांगत राहतात. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर.

थोडक्यात, कार्बोरेटर आंधळा पण साधा आणि इंजेक्शन डोळस पण नाजूक. कोकणातली खारी हवा साध्या वस्तूला एक प्रकारे खाते, नाजूक वस्तूला दुसऱ्या प्रकारे. गाडी निवडायची ती हे बघून.

पहिलं काम: गाडीत नक्की काय आहे ते डोळ्यांनी बघा

आरसीवरच्या वर्षावर विसंबू नका. जिप्सी १९८५ ला आली ती ९७० सीसीची, कार्बोरेटरवर. १९९६ च्या जिप्सी किंगला १३०० सीसीचं इंजिन मिळालं, पण कार्बोरेटर तसाच राहिला, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. २००० ला एमपीएफआय आलं आणि ताकद ८० वर गेली. इथे एक मेख आहे. ही वाढलेली ताकद सगळी इंजेक्शनची नव्हे; आठ व्हॉल्व्हचं इंजिन सोळा व्हॉल्व्हचं झालं होतं. "इंजेक्शन लावलं की गाडी पळते" असं जिप्सीचं उदाहरण देऊन कोणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या.

शिवाय इतक्या वर्षांत इंजिनं बदललेली असतात. जिप्सीत मारुतीच्याच एस्टीम कारचं इंजिन हा प्रकार तर घरोघरी. म्हणून बॉनेट उघडा. ओम्नी असेल तर पुढची सीट उचला, इंजिन खाली बसलेलं दिसेल. इंजिनाच्या डोक्यावर वाडग्यासारखा एअर फिल्टर, त्याच्याखाली तारा-लीव्हर-नळ्यांचं घरटं आणि डॅशबोर्डजवळ ओढायची चोकची मूठ (थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल द्यायला), म्हणजे कार्बोरेटर. इंजेक्शनमध्ये अॅल्युमिनियमची फांद्या फुटलेली नळी दिसते आणि प्रत्येक इंजेक्टरवर दोन वायरींचा प्लग. कानानेही कळतं. चावी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद 'गुंऽऽ' असा आवाज येऊन थांबला तर तो टाकीतला पंप.

तिसरी जात सगळ्यात वाईट: मूळची इंजेक्शनची, पण ईसीएम गेला म्हणून कोणीतरी कार्बोरेटर बसवलेली. अशा गाडीत डॅशखाली न जोडलेल्या वायरींचा गुंता लोंबत असतो. ही घेऊ नका. पीयूसीला मर्यादा गाडीच्या मूळ मानकाची लागते. बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचं सरकारी मानक. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के. जुगाड केलेला कार्बोरेटर ०.५ मध्ये बसवताना मेस्त्रीचा दिवस जातो आणि तुमचाही.

बघायला जाल तेव्हा

सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा, "गाडी चालू करून ठेवू नका." थंड गाडी खोटं बोलत नाही. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, तासाभराने परत या.

कार्बोरेटरच्या गाडीत चोक ओढून सेल्फ मारला की दोन-तीन प्रयत्नांत ती चालू व्हावी. कोकणात पौषातल्या पहाटेही मिनिटभरापेक्षा जास्त चोक लागू नये. चोक आत ढकलल्यावर गाडी बंद पडत असेल तर स्लो जेट (संथ चालताना पेट्रोल देणारा) तुंबलाय किंवा कुठली तरी व्हॅक्यूमची नळी फुटलीय. दोन्ही दुरुस्त होतात, किमतीत मात्र धरा. मग ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फुटलाय किंवा गाडी बरेच दिवस ओव्हरफ्लो होऊन पेट्रोल खाली उतरलंय.

इंजेक्शनच्या गाडीत चावी 'ऑन' केल्यावर इंजिनाचं पिवळं चिन्ह लागलंच पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझलंच पाहिजे. चालू असताना दिवा पेटलेला राहिला तर निदान बिघाड तरी कळतो. दिवा मुळात लागतच नसेल तर सावध व्हा. कोणीतरी बल्ब काढून ठेवलेला असतो. आणि सेल्फ मारताना अॅक्सिलेटरला पाय लावू नका. सुदृढ इंजेक्शनची गाडी पायाच्या मदतीशिवाय चालू होते. विकणारा शेजारी बसून "जरा रेस द्या ना" म्हणाला की समजा, घरचं दुखणं त्याला ठाऊक आहे.

आता माझी फजिती. इंजेक्शनची जी जिप्सी मी घेतली, ती आतून स्वच्छ धुतलेली, सीटकव्हरं नवी, वास सुगंधी. त्या सुगंधाचीच शंका यायला हवी होती. तीन आठवडे झकास चालली आणि एका दुपारी हायवेवर कसालच्या पुढे विझली. दिवा विझावा तशी, आचका नाही की काही नाही. टो करून आणली. मेस्त्रीने डॅशखालून ईसीएमचा प्लग ओढला, उलटा केला आणि माझ्या तळहातावर टिचकी मारून झटकला. चिमूटभर गाळ पडला. चॉकलेटी, पिठासारखा बारीक. पिना हिरव्या पडलेल्या.

"पुरातली आसा ही," तो म्हणाला. "तू सीटा बघलंस, मी प्लग बघतंय."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि पूर दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे येतोच. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या तालुक्यात विकायला येतात. कार्बोरेटरची बुडालेली गाडी खोलून, ऑइल बदलून, वाळवून उभी करता येते. इंजेक्शनच्या बुडालेल्या गाडीचं वायरिंग मात्र पुढची कित्येक वर्षं आतून कुजत राहतं. म्हणून डॅशखाली हात घाला, गालिचा उचला, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर पाण्याची रेघ असते. तो भाग धुवायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्याची फी आता चांगलीच वाढलीय, ती आणि पर्यावरण कर आरटीओत विचारून किमतीतून वजा करा. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही. एमएच ०६, ०७, ०८ सोडून बाहेरची पाटी असली तरी हरकत नाही. उलट घाटावरची गाडी असेल तर तळ कमी गंजलेला असतो.

चालू होत नसेल तर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. माझी ओम्नी एकदा गणपतीत बंद पडली. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरी चार्ज केली आणि मग मेस्त्रीला बोलावलं. त्याने पेट्रोलचं झाकण फिरवलं. 'फुस्सऽऽ' करून टाकीने हवा आत ओढली. त्याने सेल्फ मारला, गाडी चालू.

"झिला, गाडी आजारी नाय. उपाशी आसा."

टाकीत हवा जायच्या बारीक नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. पेट्रोल बाहेर जाईल तसं आत हवा यायला वाट नाही, म्हणून टाकीच पेट्रोल सोडेना. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, तुम्हीही हाच धरा.

झाकण उघडून बघा. मग ठरवा की पेट्रोल येत नाही की ठिणगी येत नाही; तिसरं कारण क्वचितच असतं. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टर काढून गळ्यात डोकवा आणि कोणाला तरी अॅक्सिलेटर एकदा दाबायला सांगा. बारीक पिचकारी दिसली तर वाटीत पेट्रोल आहे. इंजिन बंद ठेवूनच हे करा आणि विडीवाल्या शेजाऱ्याला आधी लांब पाठवा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा 'गुंऽऽ' ऐका. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटा डबीसारखा स्विच. एकसारखे दिसणारे रिले शेजारीशेजारी असले तर अदलाबदल करून बघा, फुकटात निदान होतं. त्यानंतरच पंप.

ठिणगी बघताना प्लग काढून, टोपीत घालून, त्याचं धातूचं अंग इंजिनाला नीट टेकवा. इंजेक्शनच्या गाडीत प्लगची वायर हवेत लोंबती ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइल फोडते, कधी ईसीएमही.

कार्बोरेटरची गाडी 'ओव्हर' झाली असेल, म्हणजे पेट्रोलचा भपका येतोय आणि ती उठत नाही, तर चोक आत ढकला, अॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली करायचा नाही. प्रत्येक वेळी पाय दाबलात की आणखी एक पिचकारी आत जाते.

मे महिन्यात घाट चढून चहाला थांबलात आणि गाडी पुन्हा चालू होईना, तर ती बिघडलेली नाही. गरम इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ झालीय आणि पंप वाफ ओढू शकत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाका, दुसरा चहा घ्या. इंजेक्शनमध्ये नळीत दाब असल्यामुळे हा ताप सहसा नसतो. पेट्या घेऊन आंबोली किंवा फोंडा घाट रोज चढायचा असेल तर माझ्या मते हा इंजेक्शनच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा आहे. उंचीचा बाऊ मात्र करू नका. आंबोली समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आतच. तेवढ्याने कार्बोरेटर किंचित जास्त पेट्रोल ओढतो, तुमच्या लक्षातही येणार नाही. लक्षात येतो तो बागेतला खडा चढ. गाडी तिरपी झाली की वाटीतलं पेट्रोलही तिरपं होतं आणि कार्बोरेटर गुदमरतो. फ्लोटची पातळी नीट लावून घ्या, बराच फरक पडतो.

बॅटरी उतरली तर कार्बोरेटरची गाडी उतारावर धक्का मारून उठते. इंजेक्शनला पंप, ईसीएम आणि इंजेक्टर, तिघांना वीज हवी. पार मेलेल्या बॅटरीवर ती धक्क्याने उठणार नाही, चारजण घाम गाळतील तेवढाच.

कार्बोरेटर साफ करणं

हे घरी शिकण्यासारखं काम आहे. पहिल्यांदा मेस्त्रीसमोर बसून बघा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. परत जोडताना उरलेला एक स्क्रू माणसाला रात्रभर झोपू देत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा. फिल्टर काढा, नळ्यांना रंगीत टेप लावून खुणा करा. वाटी उघडल्यावर घाईने पेट्रोल ओतून टाकू नका. पांढऱ्या बशीत हळूच काढा आणि बशी उन्हात तिरकी धरा. पेट्रोलखाली घरंगळणारे काचेच्या मण्यासारखे थेंब दिसले तर ते पाणी. वाटीच्या तळाला राखाडी-पांढरी भुकटी असेल तर त्या पाण्याने अॅल्युमिनियम खायला सुरुवात केलीय. जेट पितळेचे असतात. ते काढून उजेडाकडे धरा, भोकातून गोल स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे. अर्धा चंद्र दिसला तर तिथे राळेसारखा थर बसलाय. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. आमचा मेस्त्री जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, वापरतो. क्लीनरमध्ये जेट भिजवायचा, तंगूस आरपार ओढायचा, वरून हवा मारायची. मालवणात तंगसाचा तुटवडा कधीच नसतो.

इंजेक्शनमध्ये घरी करण्यासारखं थोडंच आहे: थ्रॉटल बॉडी फडक्याने पुसणं, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर. जांभ्याची लाल धूळ उन्हाळ्यात फिल्टर महिन्याभरात भरते, म्हणून पुस्तकातल्या किलोमीटरची वाट बघू नका. पेट्रोल फिल्टर काढण्याआधी पंपाचा रिले उपटा, गाडी चालू करून आपोआप बंद पडू द्या. त्याशिवाय नळी सोडलीत तर पेट्रोल दाबाने थेट तोंडावर उडेल. सेन्सरचा बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, पण दोन हजारच्या आसपासच्या गाड्यांना आजचं सोळा पिनांचं सॉकेट असेलच असं नाही. काहींत डायग्नोसिसच्या दोन पिना जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागते. हे जमणारा मेस्त्री तुमच्या घरापासून किती अंतरावर आहे, हे गाडी घेण्याआधी विचारा.

आणि एक जुनी खोड, थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेची. "कोकणात कसली आलीय थंडी, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरम व्हायची नाही." कार्बोरेटरच्या गाडीत हे एकवेळ खपून जातं. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन नीट तापलंच नाही की ईसीएमला वाटतं, अजून सकाळच आहे, आणि तो जास्तीचं पेट्रोल देत राहतो. मायलेज पडलं की लोक इंजेक्टर बदलतात. आधी थर्मोस्टॅट आहे का ते बघा, आणि विहिरीचं पाणी नव्हे, कूलंट घाला.

पेट्रोल, पाऊस आणि उभी गाडी

पंपावर आता मिळतं ते पेट्रोल ई२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळलेलं राहतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, आणि टाकीतली सक्शन नळीही तळालाच असते. शंका आली तर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, थर वेगळा दिसेल. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे पूर्वीच्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर ई२० वर थोडा उपाशी चालतो: अॅक्सिलेटर दाबल्यावर गचके, गाडी जास्त गरम. जेट आणि स्क्रू नव्याने जुळवून घ्यावे लागतात. ऑक्सिजन सेन्सर शाबूत असलेली इंजेक्शनची गाडी बराचसा फरक स्वतःच भरून काढते. जुने रबरी पाईप आणि वायसर मात्र दोघांचेही फुगतात आणि चिरतात; सगळे बदला, इथे कंजुषी नको.

इंजेक्शनचा खरा शत्रू दमट खारी हवा. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या वायरींचे प्लग आतून हिरवे पडतात आणि वायरिंगवर उंदीर हात साफ करतात. प्लग उघडून इलेक्ट्रिकल क्लीनर मारा, कोरडे झाल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टी सोडून, घासून, पुन्हा आवळा. सेन्सरच्या निम्म्या भानगडी या गंजलेल्या पट्टीपाशी मिटतात. आणि तळ गंजला म्हणून पत्रा वेल्डिंग करायला जाल, जाणारच, तेव्हा बॅटरी सुटी करा आणि ईसीएमचा प्लग काढून ठेवा. वेल्डिंगवाला विसरतो, ईसीएम जातो आणि बिल तुम्ही भरता.

मग घ्यायची कुठली?

रोज चालणार असेल, घाट चढणार असेल आणि कणकवली, कुडाळ, रत्नागिरीसारख्या ठिकाणी स्कॅनरवाला हाताशी असेल तर इंजेक्शन. माझ्या वहीत तरी त्याच कामाला पेट्रोलही कमी लागलंय. गाडी वर्षातले सहा महिने मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, उभी राहणार असेल, गाव आडवाटेला असेल आणि स्वतः हात काळे करायची तयारी असेल तर कार्बोरेटर. दुरुस्तीची किट शेकड्यांत येते, ईसीएम हजारांत. पण कुजक्या इंजेक्शनपेक्षा नीट कार्बोरेटर बरा आणि तासलेल्या जेटच्या कार्बोरेटरपेक्षा कोरड्या वायरिंगचं इंजेक्शन बरं. दोन्ही गाड्या समोर असतील तर जिचा तळ कमी गंजलाय ती उचला. पेट्रोल कसं जातं ते दुरुस्त होतं, सडलेली चासी होत नाही.

घेतलीत की पावसाआधी एवढं कराच. कार्बोरेटरची असेल तर पेट्रोलची नळी बंद करून, गाडी बंद पडेपर्यंत चालवून वाटी रिकामी करा. इंजेक्शनची असेल तर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही आणि पंपही पेट्रोलात बुडालेला राहतो. बॅटरी घरात आणा आणि दर पंधरवड्याला जोडून वीस मिनिटं गाडी चालवा. हवेच्या नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधा, कुंभारमाशीसाठी. मेस्त्रीकडचं जे काही काम असेल ते मृग लागायच्या आत उरका, कारण एकदा पाऊस लागला की तो लावणीला जातो, आणि मग तो भेटतो तो चवथीलाच.